संमतीपत्र

रविवार, 6 जुलै 2025

आज आषाढी. सकाळी चाळीच्या चौकात भजन झालं आणि त्याच सतरंजीवर अकरा वाजता पुनर्विकासाची सभा बसली. बिल्डरची माणसं प्रोजेक्टर घेऊन आली होती. भिंतीवर लावलेल्या पांढऱ्या चादरीवर दोन इमारती दिसल्या. गल्लीच्या अंगाला विक्रीची, पन्नास मजल्यांची. तिच्या मागे आम्हा भाडेकरूंची, बावीस मजल्यांची. विक्रीच्या इमारतीपुढे हिरवळ, झाडं, पोहण्याचा तलाव. आमची इमारत एका कोपऱ्यातून डोकावत होती, तिचं पूर्ण चित्र एकाही पानावर नव्हतं.

चाळ उपकरप्राप्त असल्यामुळे योजना विकास नियंत्रण नियमावलीच्या 33(7) खाली होणार. पूर्वी सत्तर टक्के भाडेकरूंची संमती लागायची, आता 51 टक्के पुरते. कायद्याने किमान तीनशे चौरस फुटांची हमी आहे, बिल्डर त्याहून शंभर जास्त देतो म्हणतो. आमची आजची खोली एकशे ऐंशी फुटांची आहे, तीत सहा माणसं राहतात.

सभेत लगेच दोन तट पडले. पहिल्या मजल्यावरचे नाना म्हणाले, "चाळ पाडली की लालबाग संपलं." त्यावर तिसऱ्या मजल्यावरची एक सून उठून उभी राहिली. "नाना, रात्री दोन वाजता पोटात कळ आली की अंधारातून कॉमन संडासापर्यंत मी जाते, लालबाग जात नाही. मला घरात संडास हवाय." बायकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

मग मी विचारलं, दोन इमारतींच्या मध्ये अंतर किती? "नियमाप्रमाणे आहे, मॅडम." नियमाप्रमाणे म्हणजे किती? "ते आर्किटेक्ट सांगतील." आर्किटेक्ट आलेले नव्हते. संमतीपत्राचे छापील कागद मात्र घरोघरी वाटून झाले.

बुधवार, 9 जुलै

माझ्या सासऱ्यांचा, आबांचा, हट्ट होता म्हणून त्यांना घेऊन आझाद मैदानावर गेले. गिरणी कामगारांचा मोर्चा. शाळेतून अर्धी रजा काढली. वयाची ऐंशी ओलांडलेली माणसं, काठ्या टेकत, नातवांचे खांदे धरत आलेली. पुष्कळ म्हाताऱ्या बायका होत्या. त्यांचे नवरे घराची वाट बघत गेले आणि आता वारस म्हणून अर्जावर त्यांची नावं आहेत.

मागणी एवढीच की घर मुंबईत द्या. सरकारने शेलू आणि वांगणीला घरं देऊ केली आहेत. वांगणी बदलापूरच्या पुढे, शेलू नेरळच्या अलीकडे. ज्यांच्या अंगावर कापसाचा फुफाटा बसला त्यांनी शेवटच्या दिवसांत कर्जत लोकलने केईएमला औषधं घ्यायला यायचं, हे मला पटत नाही. अर्ज सुमारे पावणेदोन लाख. 28 जून 2012 च्या पहिल्या सोडतीत 6,925 घरं निघाली, 1 मार्च 2020 च्या सोडतीत 3,894. घर 225 चौरस फुटांचं. आबांचा नंबर कुठल्याच सोडतीत लागला नाही.

परतताना टॅक्सीतून लोअर परळचे टॉवर दिसले. आबा म्हणाले, "हे आपल्या जमिनीवर आहेत." मी म्हटलं, आबा, जमीन मालकांची होती. ते म्हणाले, "मालकांना ती कापड विणायला दिली होती." पुढे घरापर्यंत ते काही बोलले नाहीत. मी मात्र रात्रभर त्या वाक्याचाच विचार करते आहे, कारण सगळा वाद त्यात आला.

शनिवार, 19 जुलै

आबांच्या ट्रंकेतली कात्रणं आणि युनियनची पत्रकं काढून बसले. सुट्टीचा दिवस त्यातच गेला. जे कळलं ते क्रमाने लिहून ठेवते, सभेत बोलायला लागेल.

संप सुरू झाला 18 जानेवारी 1982 ला, दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. आबा साचेखात्यात कायम होते, त्यांचे धाकटे भाऊ बदलीवर. संप मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. कोणी गावी गेले, कोणी भाजीची पाटी लावली, आमच्या सासूबाईंनी डबे केले. गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या आणि मालकांच्या लक्षात आलं की सुतापेक्षा खालची जमीन महाग आहे.

1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत 58 क्रमांकाचा नियम आला. गिरणीची जमीन विकायची किंवा नव्याने बांधायची तर तिचे ढोबळ मानाने तीन वाटे करायचे. एक पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. मला हा नियम अजूनही न्यायाचा वाटतो. शहराला बाग मिळाली असती, कामगाराला घर मिळालं असतं आणि मालकालाही तोटा नव्हता. गिरण्यांची जमीन सहाशे एकरांच्या आसपास होती. दोनशे एकरांची मोकळी जागा परळ-लालबागच्या मधोमध!

1996 मध्ये चार्ल्स कोरियांच्या समितीचा अहवाल आला. त्यांचं सांगणं असं की एकेक गिरणी सुटी बघू नका, सगळ्या जमिनी एका नकाशावर मांडा, मग रस्ते, मैदानं, घरं, कामाच्या जागा कुठे ते ठरवा. तो अहवाल सरकारने अमलात आणला नाही. माझ्या मते गिरणगावाचं सगळ्यात मोठं नुकसान इथे झालं. टॉवर नंतर आले. नकाशा आधीच फाटला होता.

2001 मध्ये नियम बदलला. तीन वाटे पूर्ण जमिनीचे नाहीत, शेडखालची जमीन सोडून जी मोकळी असेल तिचेच. गिरणी म्हणजे सगळी शेडच. मोकळं असतं ते एवढंसं आवार आणि गेटापासून खात्यापर्यंतची वाट. पालिकेचा आणि म्हाडाचा वाटा त्या आवारापुरता उरला. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अ‍ॅक्शन ग्रुप कोर्टात गेला. उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2005 मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. आमच्या वाट्याची मैदानं त्या दिवशी गेली.

2005 च्याच उन्हा-पावसात राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने गिरण्या लिलावात काढल्या होत्या. मुंबई टेक्स्टाइल मिलची सतरा एकर जमीन 702 कोटींना गेली. सात वर्षांनी, 2012 मध्ये, तीच जमीन सुमारे 2,700 कोटींना पुन्हा विकली गेली. मधल्या काळात त्या जमिनीने काय पिकवलं? काहीही नाही. दोन हजार कोटी निव्वळ नियमातून निघाले, आणि नियम बदलण्याचा अधिकार लोकांच्या नावाने चालणाऱ्या सरकारचा होता. म्हणून म्हणते, आबांचं वाक्य भाबडं नाही.

गुरुवार, 24 जुलै

रात्री पावसाने जिन्याच्या वरचं छत कोसळलं. कोणी सापडलं नाही, देवाची कृपा. म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाचे लोक येऊन आणखी दोन टेकू लावून गेले. चौकात आता टेकूंची रांग आहे आणि पोरं त्यांच्यातून लपाछपी खेळतात. चाळ टिकली पाहिजे असं म्हणणाऱ्या, कॅमेरे घेऊन येणाऱ्या पाहुण्यांना मी हे टेकू आधी दाखवते. बांधकाम व्हायलाच हवं, उंच व्हावं लागलं तरी व्हायला हवं. याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

रविवार, 24 ऑगस्ट

नणंदेकडे वरळीला. चौदा तारखेला बीडीडी चाळींच्या पुनर्विकासातल्या पहिल्या 556 घरांच्या चाव्या मिळाल्या, त्यांत तिचं घर आहे. जुनी खोली 160 चौरस फूट, नवं घर 500. चाळीस मजली इमारत. सामान अजून हललेलं नाही, पण तिच्या सासूबाईंना घर दाखवायचं म्हणून खुर्चीत बसवून नेलं. गुडघ्यांमुळे त्या कितीतरी दिवस जुन्या चाळीचा जिना उतरल्या नव्हत्या. लिफ्टमधून सरळ वर गेल्या, खिडकीशी उभ्या राहिल्या आणि समुद्र कुठल्या दिशेला ते विचारलं. मग स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून बघितला. आत दोन संडास आहेत हे त्यांनी मला तीनदा सांगितलं. नणंद रडली, मीही रडले. शंभर वर्षांपूर्वी ब्रिटिश सरकारच्या विकास खात्याने बांधलेल्या त्या खोल्यांत तीन पिढ्या गेल्या होत्या.

चहा घेताना तिने दरमहाच्या खर्चाचा विषय काढला. लिफ्ट, पंप, आग विझवायची यंत्रणा, जिन्यांतले दिवे, हे सगळं चालू ठेवायला पैसे लागतात. जुन्या खोलीचं भाडं काहीच नव्हतं. तिचे यजमान निवृत्त आहेत. उंच इमारतीत घर फुकट मिळालं तरी तिथे राहणं फुकट नसतं. आमच्या सभेत यावर कोणी बोललंच नाही. बिल्डर देखभालीसाठी द्यायच्या कॉर्पस फंडाचा आकडा सांगतो, पण त्याच्या व्याजात किती मजल्यांची लिफ्ट किती वर्षं चालेल हे कोणी मांडून दाखवत नाही. गिरणगावातल्या पुनर्वसन इमारतींतून माणसं हळूहळू घर विकून विरार-बदलापूरला जातात. सगळेच हौसेने जातात असं मला वाटत नाही.

तरी वरळीचं काम मला आशा देतं. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग मिळून 195 चाळी, जमीन सरकारची, काम म्हाडाचं, पाचशे फुटांचं घर. सरकारने मनावर घेतलं तर माणसाला तिथल्या तिथे घर देता येतं, हे आता कोणी नाकारू शकणार नाही.

शनिवार, 30 ऑगस्ट

गणपतीची गर्दी. गल्लीत पाय ठेवायला जागा नाही. ह्या दिवसांत पाहुणे म्हणतात, लालबागमध्ये किती जिवंतपणा आहे! जिवंतपणा आहे तो चौकांमुळे आणि गल्ल्यांमुळे. मंडप टॉवरच्या पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या वरच्या गच्चीवर, बांधता येत नाही. बाकी लिहायला वेळ नाही, पाच दिवसांचे गणपती उद्या जातील.

शनिवार, 13 सप्टेंबर

काल रात्री एल्फिन्स्टनचा पूल पाडण्यासाठी बंद केला. शिवडी-वरळी जोडरस्त्यासाठी तिथे नवा दुमजली पूल होणार. आज सकाळपासून करी रोड आणि टिळक पुलावर गाड्यांच्या रांगा. प्रभादेवीकडून केईएमला, टाटाला येणारी माणसं वळसा घालून येताहेत. नवा पूल होईल, व्हायला हवा. पण या निमित्ताने एक गोष्ट पुन्हा डोळ्यांपुढे आली.

गिरण्या होत्या तेव्हा भोंगा झाला की माणूस चालत खात्यात जायचा. दोन-अडीच लाख माणसं इथे काम करत, पण त्यांतली बहुतेक इथेच राहत. गाळ्यात, खोलीत, खानावळीच्या आधाराने, पाळ्या लावून एकाच वळकटीवर झोपून का होईना. स्टेशनावर त्यांचा भार नव्हता. गिरण्यांच्या जागी कचेऱ्या आल्या आणि तिथली माणसं आता लोकलने येतात. शेडच्या जागी काचेच्या इमारती झटपट उभ्या राहिल्या, एल्फिन्स्टन रोड आणि परळ जोडणारा पादचारी जिना मात्र जुना तोच राहिला. 29 सप्टेंबर 2017 च्या सकाळी पाऊस आला, जिन्यावर चेंगराचेंगरी झाली आणि 23 माणसं गेली. नंतर लष्कराने काही महिन्यांत नवा पूल बांधून दिला. म्हणजे बांधता येत होता.

त्याच वर्षी 29 डिसेंबरला कमला मिलमधल्या हॉटेलांना आग लागून 14 जण गेले. दोन्ही ठिकाणी सगळे आगीचं कारण, पावसाचं कारण शोधत होते. मूळ कारण जमिनीचा वापर बदलताना बाकीचं काहीच बदललं नाही, हे आहे. प्रत्येक परवानगी त्या त्या भूखंडाची तपासली गेली. सगळ्या भूखंडांची माणसं मिळून त्या जिन्यावर किती होतील याचा हिशेब कोणाच्या टेबलावर नव्हता.

आमच्याही योजनेत तेच आहे. विक्रीच्या पन्नास मजल्यांत दोन-दोन गाड्यांची घरं. गल्लीची रुंदी मी शाळेच्या टेपने मोजली. समोरासमोर टेम्पो आले तर आजच एकाला मागे जावं लागतं.

रविवार, 21 सप्टेंबर

आर्किटेक्टच्या कचेरीतून अखेर नकाशाची झेरॉक्स मिळाली. दोन इमारतींच्या मध्ये सहा मीटर. आगीचा बंब जेमतेम जाईल एवढं.

मी भूगोल शिकवते, म्हणून कागद-पेन्सिल घेऊन बसले. मुंबई 19 अंश उत्तर अक्षांशावर. 22 डिसेंबरच्या भर दुपारी सूर्य दक्षिणेला साधारण साडेसत्तेचाळीस अंशांवर असतो. पन्नास मजले म्हणजे कमीत कमी दीडशे मीटर उंची. अशा इमारतीची सावली त्या वेळी उत्तरेकडे सुमारे एकशे पस्तीस मीटर पडणार. गल्ली आमच्या दक्षिणेला, टॉवर गल्लीच्या अंगाला आणि आम्ही त्याच्या मागे, उत्तरेला. आमची इमारत साधारण सासष्ट मीटरची. म्हणजे थंडीच्या दिवसांत दुपारचं ऊन आमच्या पहिल्या मजल्याला नाही आणि बाविसाव्यालाही नाही.

मग अंतर वाढवून बघितलं. वीस मीटर, तीस मीटर. फरक पडत नाही! पन्नास मीटर दूर सरकवलं तरी आम्ही सावलीतच. मला वाटत होतं की अंतराची मागणी केली की काम झालं. पण खरा प्रश्न इमारत कुठे उभी राहते याचा आहे. दोन्ही इमारती गल्लीला लागून शेजारी-शेजारी, पूर्व-पश्चिम उभ्या केल्या तर दक्षिणेचं ऊन दोघींना मिळतं आणि मागे सलग चौक उरतो. त्यासाठी विक्रीची इमारत रुंदीला कमी आणि उंचीला जास्त केली तरी माझी हरकत नाही. साठ मजले करा. मजल्यांवरून भांडणं करण्यात आम्ही दोन महिने घालवले. भांडायचं आहे ते खालच्या जमिनीसाठी.

ऊन हा चोचला नाही. गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींत इमारती एकमेकींना जवळजवळ चिकटून बांधल्या आहेत, मधे तीन मीटर. डॉक्टर्स फॉर यू आणि आयआयटी मुंबईच्या लोकांनी तिथे पाहणी केली तेव्हा खालच्या मजल्यांवर उजेड आणि वारा कमी, आणि क्षयरोगाचं प्रमाण जास्त आढळलं. लालबागला क्षय नवा नाही. आबांच्या थोरल्या भावाला त्यानेच नेलं. नवं घर बांधून तो रोग परत आत घ्यायचा का?

मोकळ्या जागेबद्दल एक आधार सापडला. दादरच्या कोहिनूर मिलच्या भूखंडाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2013 मध्ये सांगितलं होतं की रहिवाशांची किमान मोकळी जागा जमिनीवरच हवी, पोडियमवर दाखवून चालणार नाही. पोडियमवर झाडाची मुळं जात नाहीत, पावसाचं पाणी मुरत नाही, आणि तिथे कोणी जायचं हे लिफ्टचं कार्ड ठरवतं. या शहरात माणशी मोकळी जागा दीड चौरस मीटरसुद्धा नाही. आमच्या वाट्याची ती जमिनीवरच पाहिजे.

संध्याकाळी चाळीच्या समितीतल्या आम्ही चौघींनी बिल्डरला पत्र लिहिलं. इमारती शेजारी-शेजारी हव्यात. चौक जमिनीवर आणि दोन्ही इमारतींना सामाईक, गेट एकच. कॉर्पस फंड आकड्याने न सांगता देखभालीच्या अंदाजपत्रकाला जोडून ठरवावा. संक्रमण काळातलं भाडं बँक हमीसह द्यावं, कारण शेजारच्या गल्लीतल्या एका चाळीची माणसं भाडं बंद होऊन अजून नातेवाइकांकडे आहेत आणि त्यांच्या चाळीच्या जागेवर पाणी साचलंय. हे सगळं करारनाम्यात यावं, माहितीपत्रकात आलेलं चालणार नाही.

रविवार, 5 ऑक्टोबर

बिल्डरचं उत्तर आलं. अंतर सहाचं नऊ मीटर करतो. बँक हमी मान्य. देखभालीचं अंदाजपत्रक देतो म्हणाले, ही मोठी गोष्ट आहे, कोणी मागितलंच नव्हतं म्हणून दिलं नव्हतं. एक गेट होणार नाही. इमारती शेजारी-शेजारी होणार नाहीत, कारण मग विक्रीच्या इमारतीचा गल्लीवरचा दर्शनी भाग अर्धा होतो आणि दर पडतो. हे त्यांनी सरळ सांगितलं याबद्दल मला बरं वाटलं. आता निदान किंमत कशाची कशाशी लावायची ते स्पष्ट आहे.

सभेत मी पाटीवर सावलीची आकृती काढून दाखवली. नाना पुढे येऊन बसले. ज्या सुनेने जुलैत संडासाचं बोलून सभा जिंकली होती तिने विचारलं, "म्हणजे बाळाचे कपडे थंडीत वाळणार नाहीत?" मी म्हटलं, दुपारच्या उन्हात नाही. तिने आपलं संमतीपत्र अजून दिलं नव्हतं. "मग पंधरा दिवस थांबते," ती म्हणाली.

दिरांना हे पटत नाही. "वहिनी, तुम्ही सावल्या मोजत बसा, बिल्डर गेला तर दुसरा येणार नाही. आबांनी चाळीस वर्षं वाट बघितली, आम्ही पण बघायची का?" त्यांचा मुलगा लग्नाचा आहे, त्यांचा जीव टांगणीला लागलाय, त्यांना चूक म्हणायला माझी जीभ उचलत नाही. पण आबांच्या पिढीला जमीन गेल्याचं नियम बदलून झाल्यावर कळलं. आमच्या हातात सह्या अजून आहेत. निम्म्याहून थोड्या कमी झाल्या आहेत, आणि 51 टक्क्यांचा आकडा पार झाला की आमचं बोलणं कोणी ऐकणार नाही. मी सही करणार नाही असं म्हणत नाही. नकाशा बदलला की पहिली सही माझी, हे दिरांना सांगितलं, सभेच्या इतिवृत्तातही लिहून घेतलं.

खोलीमागे पाचशे रुपये काढून आपला स्वतःचा आर्किटेक्ट नेमायचा ठराव झाला. विरोध कोणी केला नाही. आबांनी पेन्शनीतून खोलीचे पैसे लगेच काढून दिले. मंगळवारी तिसऱ्या मजल्यावरची सून आणि मी म्हाडाच्या दुरुस्ती मंडळात जाणार आहोत, दाखल झालेल्या प्रस्तावाची आणि नकाशाची सही-शिक्क्याची प्रत मागायला. अर्ज आज रात्रीच लिहून ठेवते.